खोडायचं नाही, खाली लिहायचं

मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळी साडेनऊच्या सुमारास विश्रांतवाडीच्या घरात मी दुसरा चहा घेत बसलो होतो आणि वाघोलीहून मुलीचा मेसेज आला. सोबत एक फोटो. ‘पप्पा, गीझर चालू असला की नळाला हात लावल्यावर मुंग्या येत होत्या. फोनला विचारलं, त्याने उपाय सांगितला, तो मी केला पण. बरोबर केलंय ना?’ आणि खाली फोनने दिलेलं उत्तर जसंच्या तसं चिकटवलेलं.

पहिली दोन वाक्यं वाचताना मला नुसताच राग आला. बाप बत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात विजेच्या खात्यात घासून रिटायर झालाय, वस्तीतल्या विहाराचं सगळं वायरिंग त्याच्या हातचं आहे, आणि पोरगी फोनला विचारते. तिसऱ्या वाक्याला मात्र कप हातातच राहिला. तिथे लिहिलं होतं, ‘गीझरच्या बॉडीपासून एक वायर काढून पाण्याच्या पाइपला घट्ट बांधा. शेजाऱ्याची म्हैस बांधल्यासारखी नको, आपली बांधल्यासारखी.’

म्हशीचं ते वाक्य माझं होतं. फोनने दिलेलं अख्खं उत्तरच माझं होतं, बारा-तेरा वर्षांपूर्वी मी लिहिलेलं. आणि ते चुकीचं होतं. चुकीचं म्हणजे माणूस मरेल इतकं चुकीचं.

झालं होतं असं. आमच्या काळी घरांतले पाण्याचे पाइप लोखंडी असायचे आणि ते थेट जमिनीत जायचे. घराला अर्थिंग नसलं तर वायर पाइपला बांधायची, म्हणजे गळकी वीज जमिनीत निघून जायची. शास्त्रात ते बसत नव्हतं, पण निम्म्या पुण्याने तेच केलं होतं आणि निभावलं होतं. आता नव्या इमारतींत पाइप प्लॅस्टिकचे. विजेला जमिनीत जायला वाटच नाही. मुलीने पाठवलेल्या फोटोत हिरवी वायर गीझरपासून खाली आली होती आणि बेसिनच्या नळाला जिथे धातूचा आटा असतो तिथे गुंडाळलेली होती. म्हणजे गीझरमध्ये जी वीज गळत होती, ती तिने आपल्या हातांनी बेसिनवरही आणून ठेवली होती. गाठ मात्र सुरेख होती. ती मीच शिकवली होती तिला.

त्या बेसिनशी स्टुलावर उभी राहून माझी चार वर्षांची नात रोज दात घासते. आणि तिची शाळा साडेअकराची.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. ‘मेन स्विच बंद कर’ असा मेसेज टाकला, तो वाचल्याची खूण येईना. जावई त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी, शेजाऱ्यांचा नंबर नाही. बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने माझ्या हातातल्या फोनवरचा मेसेज वाचला. ‘तुम्ही निघा, मी फोन लावत राहते’ एवढंच म्हणाली. हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि धानोरीवरून लोहगावच्या रस्त्याला लागलो. स्वेटर घालायचं राहिलं.

त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते कळायला आधी ओट्याबद्दल सांगायला हवं.

ओटा म्हणजे इंटरनेटवरची एक मराठी जागा. तिचं खरं नाव सांगत नाही, कारण नाव अजून आहे आणि जागा राहिलेली नाही. आम्ही तिथली माणसं तिला ओटाच म्हणायचो. कोणीही यावं, प्रश्न विचारावा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यावं. प्रश्न कसले, तर मिक्सरचं भांडं गळतंय, चकली तेलात विरघळतेय, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय, मुलगा दहावीला गणितात रडतोय. एकदा एका बाईने विचारलं होतं की सासऱ्यांना ऐकू येत नाही आणि ते यंत्र लावायला तयार नाहीत, काय करू. त्यावर तीन दिवस चर्चा चालली. शेवटी परभणीच्या एका माणसाने लिहिलं, ‘माझे वडील तयार झाले ते नातवासाठी. नातवाला यंत्र त्यांच्या हातात द्यायला सांगा.’ दोन आठवड्यांनी ती बाई परत आली आणि लिहिलं, ‘लावलं. आता टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून आम्हालाच ओरडतात.’ मी हापिसात वाचून मोठ्याने हसलो होतो.

ती परत आली, कारण तो ओट्याचा नियम होता. नियम दोनच. ज्याने प्रश्न विचारला त्याने परत येऊन काय झालं ते कळवायचं. आणि आपलं उत्तर चुकलं तर ते खोडायचं नाही, खाली लिहायचं. वरचं चुकलेलं तसंच ठेवायचं आणि त्याखाली ‘माझं चुकलं, कारण अमुक’ असं मत टाकायचं. ज्याने ती जागा सुरू केली तो म्हणायचा, खोडलं की चूक जाते, पण ती चूक का होती तेही जातं. आम्हाला हे फार पटलं होतं. खाली जितकी भांडणं जास्त, तितकं ते पान भरवशाचं, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असायचं. उत्तर नुसतं तोंडओळखीपुरतं, खरी गोष्ट खालीच असायची.

मी वीज, पंखे, पंप, असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचो. माझे वडील म्हणायचे, शिकलेलं वाटलं नाही तर गंजतं. ते स्वतः फार शिकले नव्हते, म्हणून त्यांना ते जास्त कळत असावं. संध्याकाळी कामावरून आलो की हात-पाय धुऊन मी कॉम्प्युटरपुढे बसायचो. बायको म्हणायची, ‘जगाला उत्तरं देऊन झाली असतील तर हॉलमधला पंखा महिनाभर कुरकुरतोय, त्याचा प्रश्न मी ओट्यावर टाकू का?’ एकदा तिने खरंच टाकला. मी उत्तर दिलं, आणि खाली तिने लिहिलं, ‘उपाय चांगला आहे. करणारा घरी मिळत नाही.’

आणि धायरीच्या बाई.

तिथे बरेच जण नावाऐवजी गावाचं नाव लावायचे. मी विश्रांतवाडी, त्या धायरी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एवढंच मला त्यांच्याबद्दल कळलं, तेही त्यांच्या बोलण्यातून. फोटोच्या जागी एक कुंडी. आमची भेट कधी झाली नाही. माझ्या उत्तरांखाली त्यांचं मत आलं नाही असं क्वचितच झालं असेल, आणि त्यात कौतुक असं कधी नव्हतं. मी एकदा पंपाबद्दल पानभर लिहिलं, तर खाली, ‘उत्तर सुरेख. प्रश्न वेगळा होता.’ एकदा लिहिलं, ‘आपण चिडून लिहिता तेव्हा शुद्ध लिहिता. नेहमी चिडत जावे.’ मी चडफडायचो, बायकोला वाचून दाखवायचो, आणि ती आपली त्यांच्याच बाजूची.

पण मी कढीपत्त्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर त्यांनीच दिलं. आमच्या गॅलरीत कढीपत्ता होता, तो दोन वर्षं वीतभरच. त्यांनी लिहिलं, ‘रोज एकेक पान ओरबाडता ना? झाड आहे ते, डबा नव्हे. पानं तोडू नका, शेंड्याकडची काडी तोडा, बाजूने फुटेल. शिळं ताक पाणी घालून द्या. सहा महिन्यांनी काय झालं ते कळवा.’ मी सहा महिन्यांनी कळवलं. झाड कमरेएवढं झालं होतं. त्यावर त्यांचं मत, ‘ठीक.’

गीझरचं ते उत्तर त्याच सुमाराचं. कोणीतरी विचारलं की नळाला मुंग्या येतात, आणि मी मोठ्या ऐटीत म्हशीसकट उत्तर ठोकून दिलं. चाळीस-पन्नास लोकांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी खाली धायरी, ‘आमच्या इमारतीत पाइप प्लॅस्टिकचे आहेत. वायर कुठे बांधू, आपल्या मनगटाला?’

मी दोन दिवस फणफणलो. बत्तीस वर्षांतली तेव्हा चोवीस-पंचवीस झाली होती, आणि मला गणिताच्या बाई वीज शिकवणार. तिसऱ्या दिवशी आमच्याच वस्तीतल्या एका नव्या इमारतीत कामाला गेलो, बाथरूममध्ये वर बघितलं, तर सगळे पाइप पांढरे प्लॅस्टिकचे. इतकी वर्षं मी भिंतीतल्या वायरी बघत आलो होतो, शेजारून जाणारा पाइप बदलला ते बघितलंच नव्हतं. घरी येऊन खाली लिहिलं, ‘मान्य. माझं चुकलं. पाइपला वायर कधीही बांधू नये, लोखंडी असला तरी. जिन्यात कोणी तुकडा बदलून प्लॅस्टिक घातलं तर कळणारसुद्धा नाही. गीझर बंद ठेवा आणि अर्थिंग नीट करून घ्या.’ त्यावर त्यांनी लिहिलं, ‘दहापैकी सात. तीन उशिराचे कापले.’

वरचं उत्तर मी खोडलं नाही. नियमच होता तो.

ओटा बिघडला तो एका दिवसात नाही. सुरू करणाऱ्याने कंटाळून ती जागा कोणाला तरी विकली. नव्या लोकांनी तारे आणले. जितकी उत्तरं जास्त तितके तारे, मग ती काही का असेनात. लगेच प्रश्न न वाचता उत्तरं देणारे आले. एक गृहस्थ तर मुतखडा, मोटारसायकल आणि मंगळ या तिन्ही विषयांवर सारख्याच ठसक्यात बोलायचे आणि सगळ्यांत जास्त तारे त्यांनाच. विचारणारे परत येईनासे झाले. खाली भांडणाऐवजी ‘उत्तम माहिती सर’ दिसायला लागलं. एखाद्याचं पंखा बसवताना बोट तुटलं असं कोणी लिहिलं असतं तरी खाली ‘उत्तम माहिती सर’ आलंच असतं.

मी काही गप्प बसणारा नव्हे. त्या मंगळवाल्याने मीटरला बायपास कसा करायचा ते लिहिलं, तेव्हा मी खाली जे लिहायचं ते लिहिलं. दोन दिवसांनी मला सूचना आली, ‘आपली भाषा सौहार्दपूर्ण नाही. कृपया सकारात्मक राहा.’ त्याचं उत्तर तसंच, मला मात्र समज. मी लिहिलं, राहा म्हणावं तुम्हीच सकारात्मक, आणि बाहेर पडलो. परत उघडूनही बघितलं नाही. कोणाला निरोप दिला नाही, बाईंनासुद्धा नाही. रागाच्या भरात निरोपाचं सुचत नाही.

नंतर सुचलं. रिटायर झालो, संध्याकाळी मोकळ्या पडायला लागल्या, आणि मग फार सुचलं. टीव्हीवर काही चुकीचं ऐकलं की हात उचलून खाली लिहायला जायचा, आणि खाली काही नसायचं. कढीपत्ता छपरापर्यंत गेला तेव्हा कळवायला कोणी नव्हतं. मला त्या माणसांची आठवण येते. साधी नाही. ज्यांची तोंडं बघितली नाहीत त्यांच्यासाठी असं व्हावं, हे बायकोलासुद्धा मी कधी बोललो नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी लोहगावपाशी पोहोचलो होतो आणि पाण्याच्या टँकरमागे अडकलो होतो, तेव्हा खिशात फोन वाजला.

‘पप्पा, मम्मीचे वीस मिस्ड कॉल आहेत. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काय झालं?’

‘मेन बंद कर.’

‘का?’

‘आधी बंद कर, मग का विचार. बेसिनला हात लावू नकोस. पोरगी कुठंय?’

‘झोपलीये अजून. थांबा.’ चपलांचा आवाज आला, मग खटका पडल्याचा. ‘केलं बंद. पण झालं काय?’

‘ते उत्तर चुकीचं आहे.’

‘अहो, पण कुणीतरी माहितगाराने लिहिलेलं वाटत होतं. म्हैसबिइस घालून.’

‘ते मी लिहिलंय.’

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की टँकर केव्हाच पुढे गेलाय आणि मी रस्त्याच्या मधोमध थांबलोय. मी स्कूटर कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मग थंडी वाजायला लागली.

वाघोलीला पोहोचून प्लग पॉइंट उघडला, तर आत अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती. बसवणाऱ्याने जोडलीच नव्हती. गीझरची कॉइल गेलेली, तिथून वीज बॉडीत उतरत होती. मी बेसिनची हिरवी वायर सोडवायला बसलो. गाठ इतकी घट्ट होती की पक्कड घ्यावी लागली. नात उठून आली आणि माझ्या पाठीवर बसली. आजोबा, आज अंघोळ नाही ना, म्हणाली. नाही म्हटलं. तिला तेवढंच हवं होतं.

काम करता करता मी मुलीला विचारलं, शेवटी विचारलंच, ‘मला का नाही विचारलंस?’

‘तुम्ही आधी ओरडता, मग सांगता,’ ती म्हणाली. ‘फोन ओरडत नाही.’

खरं होतं. ओट्यावर मी ओरडलो तर कोणी ना कोणी माझ्या दुप्पट ओरडायचं आणि काम पुढे जायचं. घरात माझ्यावर कोण ओरडणार? पोरं नुसती विचारायची बंद होतात.

मग तीच म्हणाली, ‘पण तुम्ही हे लिहिलंत तेव्हा कुणी चूक दाखवली नाही?’

‘दाखवली होती ना. मी मान्यही केली होती. खाली.’

‘मग खालचं कुठंय?’

तिने फोन माझ्यापुढे धरला. उत्तर होतं, म्हैस होती, बांधायची पद्धत होती. खालचं काहीच नव्हतं. ज्या यंत्राने उचललं त्याने फक्त वरचं उचललं होतं. माझी चूक तेवढी घेतली आणि चुकीची कबुली सोडून दिली. आम्ही इतकी वर्षं प्रामाणिकपणा म्हणून चुका वर ठेवत आलो, आणि त्यातली एक माझ्याच नातीच्या बेसिनपर्यंत आली.

ती वाचली, म्हणून काय झालं? ज्यांचे बाप वायरमन नाहीत त्यांचं काय? घरी आलो ते हेच डोक्यात घेऊन. जेवलो, आणि इतक्या वर्षांनी ओटा उघडायला बसलो. काहीही करून वरचं उत्तर खोडायचं, नियम गेला खड्ड्यात.

आत शिरायलाच अर्धा तास गेला. कर्ज घ्या, टक्कल घालवा, वशीकरण करा. मूळ पान सापडेना म्हणून मी म्हशीला शोधलं, तर माझी म्हैस सहा ठिकाणी बांधलेली निघाली. सगळ्यांनी वरचं उचललेलं. एकाने म्हशीची गाय केली होती. सातव्या ठिकाणी आमचं जुनं पान सापडलं. माझा जुना पासवर्ड चालला, पण उत्तर बदलायला गेलो तर बटणच नाही. ‘जुने लेखन गोठवले आहे.’ कोणी गोठवलं, कोणाला विचारायचं, काही पत्ता नाही. खोडायचं नाही हा आमचा नियम त्यांनी अशा तऱ्हेने पाळला होता.

पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘जुनी मते पाहा’ असं होतं. दाबलं. मनगटाचं मत आलं. माझं ‘मान्य’ आलं. दहापैकी सात आले. मला वाटलं संपलं. त्याखाली आणखी एक होतं, मी सोडून गेल्यानंतरचं, जे मी कधी बघितलंच नव्हतं.

‘अहो विश्रांतवाडी, बरेच महिने दिसला नाहीत. रागावून गेलात असं कळलं. राग बरोबर, जाणं चूक. चुकीच्या उत्तराखाली लिहिणारं कोणीतरी लागतं. मी एकटी कुठे कुठे लिहू? तब्येत बरी असेल तर कळवावे.’

सात वर्षांपूर्वीचं. त्याखाली कोणीतरी, ‘उत्तम माहिती सर.’

मी चष्मा काढून ठेवला. मग चष्मा लावून बाईंच्या कुंडीच्या फोटोवर बोट दाबलं, म्हणजे त्यांची सगळी मतं दिसतात. मी गेल्यानंतर त्या दीड वर्ष तिथे होत्या. गीझर, पंप, इस्त्री, जे माझे विषय, त्यांतल्या चुकीच्या उत्तरांखाली त्या लिहीत होत्या. गणिताच्या बाई. ‘पाइप कसला आहे ते आधी बघा. हे मला एका माहितगार माणसाने शिकवलं आहे.’ असं चार ठिकाणी होतं. मी शिकवलं होतं की त्यांनी मला? मंगळवाल्याच्या खालीही त्या होत्या, आणि त्यांना सूचनाही आलेली दिसत होती, कारण पुढचं मत असं होतं, ‘सकारात्मक लिहिते. हे उत्तर निश्चितपणे चुकीचे आहे.’ शेवटचं मत कढीपत्त्यावर, कोणालातरी ताकाचं सांगितलेलं. त्यापुढे काही नाही. थकल्या, कंटाळल्या की काय झालं, कळायला मार्ग नाही. धायरी केवढी वाढली आहे, तिथे एका कुंडीवरून माणूस कसं शोधायचं?

मी इतकी वर्षं म्हणत आलो की नव्या लोकांनी ओटा बिघडवला. बिघडवलाच त्यांनी. पण मी दार आपटून निघून गेलो आणि एक म्हातारी बाई दीड वर्ष माझ्या वाटची ड्यूटी करत राहिली, हेही तितकंच खरं. आणि मी नसताना त्या लिहीत होत्या, म्हणून किती बेसिनं वाचली असतील, ते कोणी परत येऊन कळवलेलं नाही.

आता सकाळचा दुसरा चहा झाला की मी तासभर बसतो. म्हैस जिथे जिथे बांधलेली आहे तिथे खाली लिहितो, ‘हे उत्तर माझं आहे आणि ते चुकीचं आहे.’ बहुतेक ठिकाणी छापत नाहीत. दोन ठिकाणी छापलं. मुलगी अजूनही फोनला आधी विचारते, ते काही सुटलेलं नाही, पण मग ते उत्तर मला पाठवते आणि त्याच्यापुढे दोनच शब्द लिहिते, ‘खालचं सांगा.’ मी ओरडायचं कमी केलंय, असं बायको म्हणते. दहापैकी किती ते तिने सांगितलेलं नाही.

बाईंच्या मताखाली त्याच दुपारी मी लिहिलं. चार वेळा लिहून खोडलं, नियम मोडूनच. शेवटी ठेवलं ते असं, ‘तब्येत बरी आहे. जाणं चूक होतं, मान्य. कढीपत्ता छपराला लागला आहे. आमच्या नातीच्या घरचा पाइप प्लॅस्टिकचा होता, आपण लिहिलेलं आठवलं म्हणून ती सुखरूप आहे. आपण कशा आहात ते कळवावे.’

बटण दाबल्यावर ओळ आली, ‘आपले मत तपासणीसाठी पाठवले आहे.’ अजून तीच ओळ आहे. मी रोज बघतो.